ऑस्वाल्ड राजाच्या मागावर: नॉर्थंबरलँडमधली भटकंती

न्यूकॅसलला दादाकडे येणारा प्रत्येक पाहुणा हेड्रियनची भिंत बघतो, एडिनबराला एक चक्कर मारतो आणि परत जातो. यंदा जूनमध्ये आई आणि मी गेलो तेव्हा दादाने वेगळंच काढलं. "एका राजाच्या मागे फिरू. सातव्या शतकातला आहे. लढाईत त्याचे तुकडे झाले, आणि तुकडे जिथे जिथे गेले तिथे तिथे लोक दर्शनाला जायला लागले." आईने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे डोकं एकीकडे आणि हात एकीकडे?" दादा हो म्हणाला. आई लगेच तयार झाली.

थोडी पार्श्वभूमी सांगते, नाहीतर पुढचं काही लागणार नाही. रोमन गेल्यावर या बेटावर अँग्लो-सॅक्सन टोळ्यांची छोटी छोटी राज्यं झाली. उत्तरेतलं मोठं राज्य नॉर्थंब्रिया. त्यातही दोन घराणी होती: एक बॅम्बराचं, दुसरं यॉर्ककडचं. ऑस्वाल्ड बॅम्बरा घराण्यातला. ६१६ मध्ये त्याचा बाप लढाईत मारला गेला आणि गादीवर बसला एडविन, म्हणजे ऑस्वाल्डचा सख्खा मामा. बारा-तेरा वर्षांचा ऑस्वाल्ड भावांबरोबर स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पळाला. तिथे आयोना बेटावरच्या आयरिश साधूंच्या सहवासात वाढला, त्यांची भाषा शिकला, ख्रिस्ती झाला. ६३३ मध्ये वेल्समधला एक राजा कॅडवॉलन आणि मध्य इंग्लंडमधल्या मर्सिया राज्याचा पेंडा यांनी मिळून मामाला मारलं, आणि ऑस्वाल्ड परत आला. राज्य केलं जेमतेम आठ वर्षं. एवढ्याशा कारकिर्दीवर जर्मनी-स्वित्झर्लंडपर्यंत नाव पोचलं, ते कसं, हे बघायला आम्ही निघालो होतो.

हे सगळं आपल्याला कळतं ते मुख्यतः बीड नावाच्या साधूमुळे. (आपल्या मराठवाड्यातलं बीड वेगळं.) त्याने ७३१ मध्ये इंग्रजांच्या धर्माचा इतिहास लिहून पूर्ण केला. ऑस्वाल्ड त्याचा लाडका, हे वाचताना कळतं, आणि म्हणून थोडं जपूनच वाचावं लागतं.

शनिवार: हेव्हनफील्ड आणि हेक्सम

न्यूकॅसलहून पश्चिमेला 'मिलिटरी रोड' लागतो. १७४५ च्या बंडानंतर सैन्य आणि तोफा झटपट नेता याव्यात म्हणून सरकारने तो बांधला. बऱ्याच ठिकाणी तर थेट हेड्रियनच्या भिंतीवर, तिचेच दगड फोडून. त्यामुळे रस्ता सरळसोट आहे, पण चढउतार असे की मागच्या सीटवर बसलेल्या भाच्याचा चेहरा हिरवा झाला. लहान मुलं बरोबर असतील तर नाश्ता पोचल्यावरच करा.

हेव्हनफील्डला पोचलो असं मला वाटलंच नाही. रस्त्याच्या कडेला एक उंच लाकडी क्रूस, मागे मेंढ्यांनी भरलेलं कुरण, पलीकडे झाडांच्या घेऱ्यात एक लहानसं चर्च. तिकीटघर नाही, चहाची टपरी नाही. जून असूनही वारा असा बोचरा की आईने स्वेटरवर शाल आणि शालीवर वहिनीचा रेनकोट चढवला.

इथे ६३४ च्या सुमारास ऑस्वाल्डने तळ टाकला. माणसं थोडी, समोर कॅडवॉलनची मोठी फौज. बीड लिहितो की पहाटे घाईघाईत एक लाकडी क्रूस बनवला, खड्डा खणला आणि सैनिक माती लोटत होते तोवर राजाने तो स्वतः दोन्ही हातांनी धरून ठेवला. मग सगळ्यांनी गुडघे टेकले आणि उजाडता उजाडता हल्ला केला. कॅडवॉलनची फौज फुटली, पाठलाग होत गेला आणि तो दक्षिणेकडे एका ओढ्याकाठी मारला गेला.

चर्चमध्ये एक जाडजूड रोमन वेदी आहे. तिच्या माथ्यावर खोबण पाडलेली दिसते, कारण नंतरच्या काळात तिच्यात क्रूस रोवत असत. मूळ लाकडी क्रूसाच्या तर लोकांनी ढलप्या काढून नेल्या; त्या पाण्यात घालून ते पाणी आजारी माणसांना आणि गुरांना पाजत. बीडने एक किस्सा दिलाय तो मला फार आवडला. हेक्समच्या मठातला बोथेल्म नावाचा साधू रात्री बर्फावरून घसरून पडला, हात मोडला. कोणीतरी त्याला क्रूसावरचं शेवाळ आणून दिलं. त्याने ते छातीशी कपड्यात खोचलं आणि विसरून झोपला. मध्यरात्री काहीतरी गार लागलं म्हणून चाचपतो तर हात बरा! चमत्कार सोडा, पण ते 'विसरून झोपला' खरं वाटतं.

कुरणात एक शेतकरी मेंढ्या मोजत होता. त्याने आईला 'पेट' म्हणून हाक मारली तेव्हा आई बावरली. इकडे कोणालाही प्रेमाने असंच म्हणतात, असं दादाने समजावलं. ऑस्वाल्डचं नाव काढल्यावर शेतकरी म्हणाला, "जागा बघा की. रोमन भिंतीचा आडोसा, पुढे सगळं उघडं. थोडी माणसं घेऊन लढायचं तर मीही इथेच थांबलो असतो. देवाने मदत केली असेल, पण डोळे त्याचे स्वतःचेच होते."

तिथून हेक्सम गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर. तिथल्या ॲबीखालचं तळघर चुकवू नका. ६७४ च्या सुमारास विल्फ्रिड नावाच्या बिशपने ते बांधलं, तेही आसपासच्या रोमन अवशेषांचे दगड उचलून. एका दगडावरच्या शिलालेखात गेटा या रोमन सम्राटाचं नाव खोडलेलं दिसतं. भावाने त्याचा खून केल्यावर साम्राज्यभर त्याचं नाव पुसायचा हुकूम निघाला होता. पायऱ्या खूप उभ्या आहेत आणि तळघर ठराविक वेळीच उघडतं, तेव्हा आत गेल्या गेल्या आधी वेळ विचारा. गुडघे दुखत असतील तर वरच बसा. आईने तेच केलं आणि ऑर्गनचा सराव फुकट ऐकला. हेक्समचे साधू ऑस्वाल्डच्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी हेव्हनफील्डला जाऊन रात्र जागवायचे, पहाटे प्रार्थना करून परतायचे. बीडच्या काळातच ही प्रथा जुनी झालेली होती.

दुपारी बाजारात स्टॉटी खाल्ली: चपटा, जाड, चिवट पाव. आत पीज पुडिंग, म्हणजे वाटाण्याची पिवळी डाळ घट्ट शिजवून घोटलेली. आईला वाटलं, चला, एक तरी ओळखीची वस्तू मिळाली. पण शाकाहारींनी विचारून घ्या, ही डाळ बऱ्याचदा डुकराच्या मांसाच्या पाण्यात शिजवतात. आमच्या दुकानदारणीने खरं सांगितलं, आणि आईने मग चीज स्कोनवर भागवलं. वर लिंबाच्या लोणच्याची फोड घरून आणलेली.

रविवार: यीव्हरिंग आणि बॅम्बरा

यीव्हरिंगला बघायला काही नाही. हे आधीच सांगते, म्हणजे कोणी माझ्यावर चिडणार नाही. चेव्हिएट टेकड्यांच्या पायथ्याशी एक मोकळं माळरान आहे, फाटकाच्या खांबांवर बोकडाची मुंडकी कोरलेली आहेत, संपलं. पण १९४९ मध्ये विमानातून काढलेल्या फोटोंत इथल्या पिकांमध्ये चौकोनी खुणा दिसल्या आणि १९५३ पासून उत्खनन झालं. निघाला तो राजवाडा: प्रचंड लाकडी दिवाणखाने, आणि नाट्यगृहातल्यासारखी चढत जाणारी बाकांची रचना. मामा एडविनच्या काळात पॉलिनस या धर्मगुरूने इथे सलग ३६ दिवस खालच्या ग्लेन नदीत लोकांना बाप्तिस्मा दिला. वाडा जळाल्याच्या खुणाही सापडल्या. त्या आगी कॅडवॉलन आणि पेंडाने लावल्या असाव्यात, असा उत्खनन करणाऱ्यांचा कयास. त्या गवतात उभं राहिल्यावर एक गोष्ट पटली. हे राजे दगडात बांधत नव्हते. सगळं लाकूड, गवत, माती. आपण किल्ला-बुरूज शोधत फिरलो तर हाती काही लागणार नाही.

समोरच्या डोंगरावर रानटी शेळ्या अजून हिंडतात. भाच्याने दुर्बिणीतून तीन शोधल्या आणि दिवसभर राजापेक्षा त्यांच्याबद्दल जास्त बोलला.

कल्पनेला मदत हवी असेल तर जवळच्या वूलर गावात २०२३ मध्ये उघडलेलं ॲड गेफ्रिन संग्रहालय आहे. तिथे तो दिवाणखाना पुन्हा उभा केलाय. त्याच इमारतीत व्हिस्कीची भट्टीही आहे, त्यामुळे दादाला तिथून हलवणं कठीण गेलं.

दुपारी बॅम्बरा. काळ्या कातळाच्या कड्यावर किल्ला, खाली मैलोन् मैल वाळू. पहिल्यांदा बघताना तोंडातून शब्द फुटत नाही. पण आत जाताना लक्षात ठेवा की आज दिसतो तो किल्ला बराचसा आर्मस्ट्राँग या तोफा बनवणाऱ्या उद्योगपतीने १८९४ मध्ये विकत घेऊन नव्याने उभारलेला. दालनं, चिलखतं, झुंबरं सगळं छान आहे, ऑस्वाल्डशी त्याचा संबंध नाही. त्याच्यासाठी आलात तर आवारातल्या सेंट पीटरच्या पडक्या चॅपलपाशी थांबा. याच नावाच्या चर्चमध्ये त्याचा हात चांदीच्या पेटीत ठेवलेला होता.

हाताची गोष्ट अशी. ईस्टरचं जेवण चाललेलं. राजासमोर पक्वान्नांनी भरलेलं चांदीचं ताट आलं. तेवढ्यात सेवक सांगत आला की रस्त्यावर भुकेले लोक जमलेत. राजाने ताटातलं सगळं अन्न बाहेर पाठवलं, आणि ताटाचे तुकडे करून तेही वाटून टाकले. शेजारी बसलेल्या, आयोनाहून आलेल्या बिशप एडनने त्याचा उजवा हात धरला आणि म्हणाला, हा हात कधी कुजू नये. बीडच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या काळापर्यंत तो हात जसाच्या तसा होता. पुढे पीटरबराच्या एका साधूने तो पळवला म्हणतात. पीटरबराच्या चर्चमध्ये त्या हातासाठी खास चॅपल होतं, आणि पवित्र वस्तूवर पहारा ठेवायला त्यात बुरूजही. चोरीचा माल पुन्हा चोरीला जाऊ नये म्हणून!

मला किल्ल्यापेक्षा गावातलं सेंट एडन चर्च जास्त आवडलं. ६५१ मध्ये एडन इथेच, लाकडी टेकूला टेकून वारला. चर्च दोनदा जळालं पण तो टेकू वाचला अशी आख्यायिका आहे; छतातली एक तुळई दाखवून तोच हा असं सांगतात. खाली तळघर आहे. किल्ल्याजवळच्या वाळूच्या टेकड्यांत सापडलेल्या त्या काळच्या ११० माणसांच्या अस्थी २०१६ मध्ये इथे लहान लहान पेट्यांत ठेवल्या. जाळीतून पेट्यांच्या रांगा दिसतात. दातांच्या तपासणीतून कळलं की यातले कितीतरी लोक इथले नव्हतेच, कोणी पश्चिम स्कॉटलंडमधले, कोणी समुद्रापारचे. ज्या दरबारात राजा स्वतः परदेशात वाढलेला, तिथे हे साहजिकच. चर्चमधल्या स्वयंसेविका आजींनी आईला हात धरून पायऱ्या उतरवल्या. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, तरी दहा मिनिटं गप्पा चालल्या होत्या.

मुक्काम सीहाउसेसला. संध्याकाळी बंदरावर खेकड्याचं सँडविच आणि किपर: हेरिंग मासा पाठीतून चिरून, मिठाच्या पाण्यात मुरवून, ओकच्या धुरावर रात्रभर ठेवलेला. वास कपड्यांना दोन दिवस राहतो. रात्री पावणेदहापर्यंत उजेड होता. तिथे बाकावर बसून दादाने शेवट सांगितला.

५ ऑगस्ट ६४२. मेझरफील्डच्या लढाईत पेंडाने ऑस्वाल्डला मारलं. वय ३८. डोकं आणि हात तोडून खांबांवर टांगले. वर्षभराने धाकटा भाऊ ऑस्विऊ शत्रूच्या मुलखात शिरला आणि ते काढून आणले. डोकं जवळच्या लिंडिस्फार्न बेटावर, हात बॅम्बराला. तो पडला तिथली माती लोक नेऊ लागले, पाण्यात कालवून आजाऱ्यांना देऊ लागले. इतकी नेली की माणसाच्या उंचीएवढा खड्डा पडला. "अंगारा," आई म्हणाली, आणि शालीत आणखी गुरफटून बसली. ती जागा बहुतेक आजचं ऑस्वेस्ट्री. त्या गावाच्या नावातच ऑस्वाल्ड आहे.

पण मला खरा ऑस्वाल्ड दिसला तो पुढच्या गोष्टीत. पुतणीने त्याची उरलेली हाडं गोळा करून लिंकनशरमधल्या बार्डनीच्या मठात आणली. गाडा दाराशी आला, आणि साधूंनी दार उघडलं नाही. तो संत आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण परका राजा असून आमच्यावर राज्य केलं, ही अढी मेल्यावरही गेली नव्हती. रात्रभर हाडं बाहेर राहिली. मग म्हणे गाड्यावर आकाशापर्यंत प्रकाशाचा खांब उभा राहिला आणि सकाळी साधू विनवण्या करत बाहेर आले. त्या भागात अजून कोणी दार उघडं टाकलं की "बार्डनीहून आलास का?" असं विचारतात. प्रकाशाचं काय ते असो, ते बंद दार मात्र बीडने लपवलं नाही, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. चांदीचं ताट वाटणारा हात शेजारच्या राज्यांवर तलवारही चालवत होता.

सोमवार: लिंडिस्फार्न

होली आयलंड म्हणतात ते हेच. दिवसातून दोनदा भरतीत रस्ता पाण्याखाली जातो. सुरक्षित वेळा नॉर्थंबरलँड काउन्सिलच्या वेबसाइटवर मिळतात आणि रस्त्याच्या तोंडाशी फलकावरही असतात. त्या पाळा. पाणी घोट्याएवढं दिसतंय, जाईल गाडी, असं म्हणणारे दरवर्षी अडकतात. त्यांच्यासाठीच मध्ये खांबांवर एक पांढरी खोली बांधलीय. पायी जायचं असेल तर वाळूतून खांबांची जुनी वाट आहे, पण ओहोटी उतरत असतानाच सुरुवात करा आणि माहीतगार सोबत घ्या.

आम्ही सकाळी निघालो तेव्हा समुद्रावरून दाट धुकं आलं. इकडे त्याला 'फ्रेट' म्हणतात. आत शिरताच पाच-सात अंशांनी गारठा वाढला; पुढचा खांब दिसेना. कुठूनतरी लांब हेल काढून रडण्याचे आवाज यायला लागले. आई घाबरली. ते वाळूच्या दांड्यांवर पहुडलेले सील मासे होते. मासे तरी कसं म्हणावं, पण आपण म्हणतो तसं.

ऑस्वाल्डने राज्य मिळाल्यावर आयोनाहून धर्मगुरू मागवला. पहिला आला तो फार कडक, लोकांना रानटी म्हणून परत गेला. आयोनाच्या सभेत एडन म्हणाला, तू त्यांना आधी दूध द्यायला हवं होतंस, घास नंतर. मग एडनलाच पाठवलं. ६३५ मध्ये तो आला आणि राजाने त्याला हे बेट दिलं. एडनला इंग्रजी नीट येत नव्हतं. तो बोलायचा आणि राजा शेजारी उभा राहून सरदारांना भाषांतर करून सांगायचा. अख्ख्या बीडमध्ये मला सगळ्यात जिवंत वाटणारं दृश्य हे आहे. तलवारीच्या जोरावर गादीवर आलेला माणूस दुसऱ्याचं बोलणं लोकांपर्यंत पोचवायला दुभाष्या होतो!

साडेअकराला धुकं एकदम फाटलं आणि दक्षिणेला पाण्यापलीकडे बॅम्बराचा कडा लख्ख दिसला. तेव्हा एडनने हीच जागा का घेतली ते कळलं. राजा नजरेच्या टप्प्यात, आणि दिवसातून दोनदा समुद्र दार लावून घेणार. दरबाराच्या जवळ राहून दरबारात न अडकायची याहून चांगली सोय नसेल.

मठाचे आज दिसणारे सुंदर लाल अवशेष बाराव्या शतकातले, एडनचं चर्च लाकडी होतं. ७९३ मध्ये व्हायकिंगांनी इथे लूट केली, पुढे ८७५ मध्ये साधू बेट सोडून निघाले. इथलाच एके काळचा बिशप, संत कथबर्ट, याची शवपेटी त्यांनी खांद्यावर घेतली आणि तिच्यातच ऑस्वाल्डचं डोकंही होतं. शेजारच्या सेंट मेरी चर्चमध्ये ती पेटी वाहणाऱ्या साधूंचं लाकडी शिल्प आहे, माणसांपेक्षा मोठं, करवतीच्या खुणा तशाच ठेवलेलं. त्यांचे पाय बघा. दमलेले पाय लाकडात असे मी कुठे पाहिले नाहीत.

बेटावर मधापासून केलेली मीड दारू चाखायला मिळते. गोड आहे, जपून. दुपारी एकनंतर पर्यटकांच्या बसेस येतात. शक्यतो सकाळीच पोचा.

मंगळवार: डरहॅम

साधू शंभराहून जास्त वर्षं कुठे कुठे राहत ९९५ मध्ये डरहॅमला पोचले. आम्हाला न्यूकॅसलहून रेल्वेने पाव तास लागला. स्टेशनवरून कॅथेड्रलपर्यंत चढ आहे. ज्येष्ठांना घेऊन जात असाल तर बस किंवा टॅक्सी घ्या. कॅथेड्रलमध्ये जायला तिकीट नाही, देणगी ऐच्छिक. संग्रहालयाला तिकीट आहे आणि ते जरूर काढा, कारण कथबर्टच्या कोरीव लाकडी शवपेटीचे सातव्या शतकातले तुकडे तिथे आहेत.

१०९३ मध्ये सुरू झालेली ही इमारत. खांब एवढे जाड की आम्ही चौघांनी हात धरले तरी वेढा पुरा होईना. पश्चिम टोकाला बीडची समाधी आहे. ज्याने सगळी गोष्ट सांगितली तो एका टोकाला आणि ज्याची सांगितली तो दुसऱ्या, अशी रचना कोणी मुद्दाम केली नसावी, पण झालीय.

मुख्य वेदीमागे पायऱ्या चढून कथबर्टची समाधी. साधी काळपट शिळा, त्यावर फक्त नाव. शेजारी कथबर्टचा दगडी पुतळा, त्याचं स्वतःचं डोकं धर्मसुधारणेच्या काळात फोडलेलं. पण त्याने हातात धरलेलं ऑस्वाल्डचं मुकुटधारी डोकं मात्र शाबूत. आई बराच वेळ बघत राहिली. मग तिथल्या सेवेकरी गृहस्थांना तिने दादामार्फत विचारलं, "डोकं खरंच आहे आत?"

ते हसले. म्हणाले, १८२७ मध्ये कबर उघडली तेव्हा कथबर्टच्या सांगाड्याबरोबर एक जास्तीची कवटी होती, तिच्यावर मोठा घाव होता. "आम्ही म्हणतो तीच. पण जर्मनीत हिल्डेसहाइमलाही सोन्याच्या मुकुटाच्या पेटीत ऑस्वाल्डचं डोकं आहे. आणखीही काही ठिकाणी आहे म्हणतात."

दादाने भाषांतर केलं. आईने जागच्या जागी हिशेब केला. "हात चोरीला गेला," ती म्हणाली, "पण डोकी वाढली. आठ वर्षांच्या राज्याला वाईट नाही."

सेवेकऱ्यांना हेही भाषांतर करून हवं होतं. दादाने केलं, आणि त्या शांत जागेत ते जरा जास्तच मोठ्याने हसले.